फळतोस की तोडू?

निधीच्या सासरी रेंज फक्त मोरीत यायची. ओटीवर नाही, स्वयंपाकघरात नाही, देवघरात तर नाहीच. देवांचं थेट कनेक्शन असतं, त्यांना काय पडलंय. मोरीच्या खिडकीखाली बादली पालथी घालायची, बादलीवर लॅपटॉप ठेवायचा, आपण कपडे धुवायच्या दगडावर बसायचं, की मग कुठे फोनवर दोन काड्या उभ्या राहायच्या.

या आसनावर बसून निधी एका विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकायची. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा ऑफिसने मोठ्या मनाने सांगितलं होतं, घरून काम कर, पण कॉल तुटता कामा नये. आणि कॉल तर तुटतच होते. शुक्रवारी तिच्या वरिष्ठ स्वप्नामॅडमचा फोन आला.

"निधी, कस्टमर विचारत होता, तुमच्या मॅडम विहिरीत पडल्यात का?"

मोरीत, असं अगदी ओठावर आलं होतं. ते गिळून निधी म्हणाली, "नेटवर्कचा जरा इश्यू आहे मॅम."

"मग सोडव तो. नाहीतर सोमवारपासून ऑफिसला ये. मी तरी किती झाकू?"

ऑफिस अंधेरीला. म्हणजे तान्ही सलोनी झोपलेली असताना निघायचं आणि ती झोपल्यावर परतायचं. आणि सलोनीबाईंचा खाक्या असा, की बाटली तोंडाशी नेली की निवडून आलेल्या उमेदवारासारखी मान फिरवायची. पाजायची ती आईनेच. निधीला नोकरी हवी होती, कारण दिवसातून काही तास कुणीतरी तिच्याशी दुपटी सोडून दुसऱ्या विषयावर बोलायचं, भले ते शिव्या देत असो. आणि लेकही हवी होती. दोन्ही एका मोरीत मावत होतं. फार मोठी मागणी नव्हती ती.

गंमत म्हणजे टॉवर घरासमोर उभा होता. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या काठावर. दिवाळीच्या आधीपासून उभा होता आणि तेव्हापासून बंद होता.

त्याचंही एक रामायण होतं. टॉवर येणार म्हटल्यावर वाडी पेटून उठली होती. पुढारीपण शेजारच्या शांतारामकाकांकडे. टॉवरच्या किरणांनी चिमण्या मरतात, नारळ बारके होतात आणि पुरुषांना टक्कल पडतं, हे त्यांनी सभेत ठणकावून सांगितलं. त्यांचं स्वतःचं टक्कल मोबाईलच्या जन्माआधीचं होतं, पण ते कुणी काढलं नाही. निधीच्या सासूबाई, चंद्रकांताबाई, त्यांचं म्हणणं एकच: "माझी सून पोटुशी आहे. बाळाची टाळू भरेस्तोवर वाडीत असलं काही नको." 'टॉवर हटाव'चा मेसेज सगळीकडे पाठवायचा ठरलं, तेव्हा रेंज मिळावी म्हणून सगळी वाडी बावखलाच्या कठड्यावर चढून उभी होती.

शेवटी टॉवर कंपनीच्या साहेबांनी तोड काढली. टॉवर दिसणारच नाही, म्हणाले. माडाच्या आकाराचा करू. तुमच्या वाडीत इतके माड, त्यात एक खपून जाईल.

बागायतदारांना माड शिकवायला आले! तपकिरी रंगाचा पत्र्याचा बुंधा, वर प्लास्टिकच्या झावळ्या, अशा हिरव्या की पोपटालाही लाज वाटावी. वारा सुटला की बाकीचे माड डोलायचे, हा वऱ्हाडातल्या रुसलेल्या व्याह्यासारखा ताठ. कावळासुद्धा त्यावर बसेना. वाडीने रंग बघितला, झावळ्या मोजल्या, नावं ठेवली आणि विरोध विसरून गेली. कंपनीही विसरली. टॉवरपाशी राखणीला तेवढा रॉकी बसवला होता, जवळच्याच आळीतला, चाळिशीचा गडी. तो खुर्चीत बसून माडाकडे बघायचा आणि माड त्याच्याकडे.

शनिवारी दुपारी निधीने सासूबाईंना सांगून टाकलं.

"आई, सोमवारपासून मला जावं लागणार. सलोनी तुमच्याकडे."

चंद्रकांताबाई केळी सोलत होत्या. "पिते का ती बाटली?"

"नाही."

"मग?"

"मग काय, आई? तो टॉवर चालू झाला तर नाही जायला लागणार. तुम्ही नि काकांनी जाऊन साहेबांना सांगा ना, की चालू करा म्हणून."

"मी सांगू?" चंद्रकांताबाईंच्या हातातलं केळं थांबलं. "त्या साहेबाच्या टेबलावर मूठ आपटून आलेय मी. आता त्याच टेबलाशी जाऊन 'दे बाबा' म्हणू? त्यापेक्षा बावखलात उडी मारते."

सासूबाई सलोनीकडे बघत राहिल्या. सलोनीने उचकी दिली. मग चंद्रकांताबाई उठल्या, खुंटीवरचा कोयता काढून अंगठ्याने धार बघू लागल्या.

"माणसांशी नाही बोलता येत," त्या म्हणाल्या. "झाडाशी बोलायला कुणाची चोरी आहे?"

त्यांच्या वाडीची जुनी रीत होती ती. झाड नुसतंच वाढलं, फळ देईना, तर एकाने कोयता घेऊन त्याला धमकावायचं. दुसऱ्याने झाडाच्या वतीने जामीन राहायचं. फणस असले की हमखास ऐकतात. आंबा जरा निर्लज्ज.

रविवारी सकाळी बायका कोयते घेऊन निघाल्या. शांतारामकाका "अंधश्रद्धा आहे ही" म्हणत सगळ्यांच्या पुढे. निधी सलोनीला कडेवर घेऊन मागे. तिला जामीन केलं होतं.

रॉकी खुर्चीतून उठला. "काय गो मावशी, नारळ पाडायला?"

"असते तर पाडले असते. बाजूला हो." चंद्रकांताबाईंनी पत्र्याच्या बुंध्यावर कोयत्याची पाठ हाणली. ठण्ण! बावखलातली बदकं उडाली.

"काय रे मेल्या! खातोस, पितोस, जागा अडवतोस! फळतोस की तोडू?"

सगळ्यांच्या नजरा निधीकडे वळल्या.

"बोल ना गो," बाई निधीवर खेकसल्या. "जामीन ना तू?"

निधीला हसू आवरेना. पण तोंड उघडलं तेव्हा आवाज भलताच निघाला, उद्याच्या सोमवारचा. "नका तोडू आई. फळेल तो. मी जामीन आहे."

"कधी फळेल?"

"आजच्या आज फळेल!"

"नाही फळला तर मुळापासून तोडीन!" आणि पुन्हा ठण्ण.

रॉकीला ही रीत चांगली ठाऊक होती. त्याच्या आजीने फणसाला असंच झापलं होतं, आणि मग चर्चमध्ये जाऊन फादरकडे कबुलीही दिली होती. पण महिनोन् महिने नेटवर्क नसलेल्या टॉवरखाली बसून माणूस मॅच न बघता झुरतो. तो हळूच कठड्यावर चढला आणि त्याने कंपनीच्या इंजिनीयरला, दीपेशला, फोन लावला.

"साहेब, रॉकी बोलतोय. बायका आल्यात. कोयते आहेत. आजच्या आज नाही दिलं तर मुळापासून तोडणार म्हणतायत." पलीकडे काहीतरी सांडल्याचा आवाज झाला. "हा घ्या, ऐका." आणि त्याने फोन ठण्णच्या दिशेला धरला.

एक अक्षरही तो खोटं बोलला नव्हता.

जेवणं व्हायच्या आत दीपेश चार माणसांसह जीपमधून उतरला, हेल्मेट घालूनच. बघतो तो टॉवरला हळदीकुंकू लागलेलं आणि बायका कठड्यावर बसून केळी खातायत.

"ताई, मावशी, आपण बसून बोलू," तो हात जोडून म्हणाला. "आमचा माल तोडू नका."

"आम्ही तुमच्याशी बोलतच नाही आहोत," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "आमचं झाडाशी बोलणं झालंय. केळं खातोस?"

वर चढलेला माणूस ओरडला, माणिकपूरच्या टॉवरकडे तोंड करून बसवायची सिग्नलची बशी खाडीकडे तोंड करून बसवली होती. इतके दिवस हा माड बगळ्यांची वाट बघत होता. बशी फिरवली, नट आवळले, आणि चहाच्या वेळेला वाडीतले सगळे फोन एकदम केकाटले. शांतारामकाकांच्या फोनवर दिवाळीच्या आधीपासून अडकलेले मेसेज धो धो कोसळले. पहिला त्यांचाच, वाडीभर फिरून परत आलेला, 'टॉवर हटाव'.

सोमवारी निधी स्वयंपाकघरात, चक्क खुर्चीवर बसली. मांडीवर सलोनी पीत होती, वरून ओढणी, कॅमेरा बंद.

"आज आवाज स्वच्छ येतोय," स्वप्नामॅडम म्हणाल्या. "ऑफिसला यायची गरज नाही. काय केलंस?"

"जामीन राहिले, मॅम."

मागून चंद्रकांताबाई आल्या. त्यांनी सलोनीच्या टाळूवर तेल थापलं, कुंची चढवली, गाठ मारली. मग खुंटीवरचा पंचा काढून निधीच्याही डोक्यावर टाकला.

"आई, अहो मी कॉलवर आहे!"

"रेंज आली ती आली," त्या पुटपुटल्या. "तुझी तरी टाळू कुठे भरलीय अजून."