चौथ्या वळणावरचं तेल

मित्रांनो, मी शर्यतीची एक जुनी मोटार आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजच्या कार्यशाळेत उभी असते. माझ्या दारावर जिंकलेल्या शर्यतींची यादी रंगवली आहे. मुलं तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात. यादीत अकरा नावं आहेत, बारावं खोडलेलं आहे. त्या बाराव्याबद्दल मला बोलायचं आहे.

चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये विशाखाने मला घडवलं, शर्यतीत चालवायचीही तीच. ती पुंडलिकनगरची, कारखान्यात इंजिनिअर. साधी चार दारांची गाडी घेऊन तिने आतल्या सीटा उपसून टाकल्या, गाडी उलटली तर चालक वाचावा म्हणून लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. सोबतीला फुलंब्रीचे कडुबाकाका होते. तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस. त्यांनी मला टर्बो बसवला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा हा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो आणि ताकद वाढवतो. ती ताकद माझ्या चारही चाकांना मिळायची. बाकीच्या बहुतेक गाड्यांना पुढची दोनच चाकं ओढत.

पहिल्या शर्यतीत माझा गिअरबॉक्स तुटला आणि मी दोरीला बांधून परत आले. पुढच्या वर्षी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर ओल्या रस्त्यात सगळ्या घसरत होत्या, मी तेवढी सरळ पळाले. तिथून जिंकतच गेले. मग इतरांनाही संधी मिळावी म्हणून आयोजकांनी माझ्यात साठ किलोचं जादा वजन ठेवायला लावलं, तरी जिंकले. लोक टाळ्या वाजवायचे आणि मला वाटायचं, आपल्यासारखं कोणीच नाही.

शेवटच्या हंगामात माझ्या तोडीची गाडी चालवणारा एकच होता, अभय. पाचोडचा. वडील नव्हते, आई लीलाबाई ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायची.

विजेतेपद ठरवणाऱ्या शर्यतीच्या सकाळी कडुबाकाका माझ्याखालून बाहेर आले.

“ताई, टर्बोच्या तेलाची नळी घासायलीय. बदलावी लागंल.”

“बदलायला किती वेळ?”

“सगळं खोलावं लागंल. दुपार व्हईल.”

“मग शर्यत हुकेल, काका. आजच्या दिवस पट्टी बांधा.”

त्यांनी पट्टी बांधली. मन लावून बांधली, पण पट्टीच ती.

तीन फेऱ्या उरल्या असताना माझा तेलाचा लाल दिवा लुकलुकला. विशाखाने तो पाहिला. कानातल्या यंत्रातून काका म्हणाले, “ताई, मागं धूर दिसायलाय. आत घ्या गाडी.”

“तीनच फेऱ्या राहिल्यात,” ती म्हणाली.

आणि मित्रांनो, खरं सांगते, मलाही थांबायचं नव्हतं.

शेवटच्या फेरीत, चौथ्या वळणावर माझ्याखालून तेल सांडलं. माझी चाकं तिथून पुढे निघून गेली होती. मागून अभयची गाडी आली, त्या तेलावरून सरळ भिंतीवर गेली. तिचंही इंजिन फुटलं, तिचंही तेल रस्त्यावर पसरलं. त्यामुळे कुणाला माझं तेल दिसलंच नाही. मी जिंकले. अभयचा उजवा गुडघा चुरला. पंचांनी लिहिलं की त्याला वेग आवरला नाही, आणि त्याचा शर्यतीचा परवाना वर्षभरासाठी काढून घेतला.

शेडमध्ये काकांनी नळी काढून विशाखासमोर धरली. बोटभर चीर होती.

“त्या पोराची चूक नव्हती, ताई. तेल आपलं व्हतं.”

विशाखाने दोन महिने ते कुणालाच सांगितलं नाही. चषक कपाटात होता, पण ती कपाटाकडे बघायची नाही. काका रोज यायचे, काम करायचे आणि जाताना ती नळी पुन्हा तिच्यासमोर ठेवायचे. एका रविवारी तिनेच पंचांना पत्र लिहिलं, नळीचा फोटो जोडला, आणि अभयला फोन लावला.

तो आईसोबत शेडवर आला. कुबडी घेऊन. त्याने नळी हातात घेतली, चिरेवरून बोट फिरवलं.

“मी रोज आठवून बघायचो,” तो म्हणाला, “ब्रेक कुठं दाबला, कुठं चुकलो. काही सापडायचं नाय.”

विशाखा म्हणाली, “माझं चुकलं, अभय. दिवा मी पाहिला होता.”

लीलाबाई तिच्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. “पोरी, गाडीचं काय, लोखंड हाय, तुटतं. पण दोन महिने माझं लेकरू सवताला दोष द्यायलं. एक फोन करायला इतका येळ लागतो व्हय?”



विजेतेपद गेलं. विशाखावर बंदी आली, तिने ती मान्य केली. अभयच्या नावावरचा ठपका पुसला गेला. गुडघा मात्र पूर्ण वाकत नाही, तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही. विशाखाने मला या कॉलेजला देऊन टाकलं. बारावी ओळ तिने स्वतःच्या हाताने खोडली. रंगवून झाकू दिली नाही.

मित्रांनो, यंत्राला माफी मागता येत नाही. तुम्हाला येते. हाताखालचं यंत्र कुरकुरलं तर थांबून बघा, तुमच्यामागून कुणीतरी येत असतं. आणि चूक झालीच, तर ती त्याच दिवशी सांगा. नाहीतर तुमचं ओझं दुसराच कुणी, आपलं समजून, वाहत बसतो.