सीताफळाचा वास

मित्रांनो, मी रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर. वापरून वापरून माझ्या बटणावरचे रबर झिजले आहे. बोटाच्या टोकावरचा एक थेंब मिळाला की मी आकडा सांगतो. साखर का वाढली, हे मला कळत नाही. ज्या घरात मी आलो, तिथे मात्र वाटायचे की मला सारे कळते.

पारनेरजवळच्या एका वस्तीवर काकासाहेबांनी मला आणले ते स्वतःसाठी. वय पन्नाशीपुढचे, पोट सुटलेले. त्यांचा मधुमेह नेहमी आढळणारा, दुसऱ्या प्रकारचा. गोळ्या आणि बांधावरचे चालणे यांनी तो ताब्यात राहिला. आकडा चांगला आला की ते मला सदऱ्याला पुसत आणि आल्यागेल्याला दाखवत. ते माझे कौतुकाचे दिवस.

मग त्यांच्या पत्नी रंगुबाई वाळू लागल्या. सारखी तहान, सारखे लघवीला जाणे. काकासाहेबांनी त्यांचे बोट टोचले आणि मी मोठा आकडा दाखवला. दवाखान्यात न्यायचे सोडून त्यांनी आपल्याच डबीतली गोळी बायकोच्या हातावर ठेवली. एका घरात दोन तऱ्हेचे मधुमेह असू शकतात, हे त्यांच्या मनातही आले नाही. आकडा उतरेना, तसा संशय वाढला. गुळाची ढेप कुलपात गेली.

"खरं सांग, काय खाल्लं?"

"भाकर अन् पिठलं. किती येळा इचारताल?"

"मशिन खोटं बोलत न्हाई. तूच बोलती."

दिवाळीला त्यांची मुलगी सत्यशीला नगरहून आली. आईला मिठी मारताना ती थबकली.

"आई, तोंडाला पिकल्या फळाचा वास कसला गं?"

घरात सीताफळांची पाटी पिकत घातली होती. काकासाहेब हसले. "घावली चोरी! बिया कुठं टाकल्या, त्ये सांग."

"तुमची शपथ, हातसुदीक लावला न्हाई."

ते खरेच गोठ्यामागे बिया शोधून आले. सत्यशीलानेही चुलीतली राख काडीने हलवून पाहिली.

दुपारी रंगुबाईंना उलट्या झाल्या. "खाल्लेलं भायेर पडतंय," काकासाहेब म्हणाले. उलटीत पाण्याशिवाय काही नव्हते. श्वास खोल चालला होता, डोळे मिटत होते. सत्यशीलाने आईचे बोट टोचले. साखर माझ्या मोजमापापलीकडे गेली होती. आकड्याऐवजी मी धोक्याची खूण दाखवली.

"बिघडलं हे," काकासाहेब म्हणाले.

सत्यशीलाने त्यांचेच बोट धरून टोचले. त्यांचा आकडा नीट आला. तेव्हा कुठे गाडी निघाली. मी सत्यशीलाच्या पिशवीत होतो.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त आणि लघवी तपासली.

"गोळ्या कुणी दिल्या?"

"माझ्याच दिल्या. शुगर ती शुगर."

"काका, यांचा मधुमेह वेगळा आहे. पहिल्या प्रकारचा दिसतो, पुढच्या तपासण्यांनी पक्कं कळेल. तो फक्त लहान मुलांनाच होतो असं नाही. यात शरीर इन्सुलिन बनवायचं थांबतं, गोळ्यांनी भागत नाही. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल साठतं. तोंडाला वास येतो तो त्याचा."

"मंजी सीताफळ न्हाई?"

"नाही."

काकासाहेब भिंतीला टेकले. सलाईन लागले, इन्सुलिन सुरू झाले, साखर उतरूही लागली. पण फार उशीर झाला होता. रंगुबाई घरी परतल्या नाहीत.

काकासाहेब अजून रोज सकाळी मला हातात घेतात. आकडा चांगला येतो. ते माझ्याकडे संशयाने पाहतात, दुसरे बोट टोचतात. पुन्हा चांगलाच येतो. त्यांना तो नको असतो.

मित्रांनो, माझी काच पुसा, थेंब टिपणाऱ्या पट्ट्यांची मुदत पाहा, हात धुऊन मगच बोट टोचा. पण आकडा वाढला म्हणून कुणाच्या ताटात चोरी शोधू नका. माणसाला दवाखान्यात न्या आणि विचारा, हा मधुमेह कोणत्या प्रकारचा? आणि घरातली बाई म्हणाली की मी काही खाल्ले नाही, तर तपासणी होईपर्यंत तरी तिचे म्हणणे खरे धरा.