मोहितचा राखीव नंबर

अरुंधतीच्या दिराला, मोहितला, घरात सगळं दोन-दोन लागायचं. दोन मोटरा, दोन सिलिंडर, दोन इन्व्हर्टर. अक्कल तेवढी एक, तीही अर्धवट! प्रताप नगरातल्या त्या घरी त्याने एक डबा बसवला होता. कुठलीही साइट उघडा, तिचा पत्ता हा डबा शोधणार आणि बाहेर विचारायचं ते बंद पाकिटात विचारणार. "वहिनी, इंटरनेटवाल्याच्या बापालाही कळणार नाही," हे तो येता-जाता छाती फुगवून ऐकवायचा.

अरुंधतीने त्यावर विश्वास ठेवला, ही तिची चूक. स्वयंपाकाला येणारी गोपिका नवऱ्याच्या माराला कंटाळली होती. नवरा पिंटू इंटरनेटवाल्याच्याच ऑफिसात कामाला. कोणत्या घरातून काय उघडलं, ते त्याला दिसायचं. म्हणून गोपिका आठवडाभर याच घरातल्या कॉम्प्युटरवर अमरावतीचं महिला वसतिगृह शोधत होती. आज दुपारच्या बसने ती निघणार होती.

सकाळी तिचा फोन वाजला. "अमरावतीले कोण हाय वं तुहं?" पिंटू हसून म्हणाला. तव्यावरची पोळी करपली.

अरुंधतीने मोहितला झोपेतून उठवून कॉम्प्युटरपुढे बसवलं.

"अंदाज मारला असंल त्यानं," मोहित जांभई देत म्हणाला.

कॉम्प्युटर साइटचे पत्ते कोणाकोणाला विचारतो, ते दाखवणारं तपासणीचं पान त्याने उघडलं. त्यावर डब्याच्या नावाखाली इंटरनेटवाल्याचं नाव ठळक आलं. राउटरची सेटिंग उघडली. पहिल्या रकान्यात डब्याचा नंबर, दुसऱ्यात इंटरनेटवाल्याचा.

"हे काय आहे?"

"राखीव, वहिनी. डबा बंद पडला तर?"

"आणि चालू असताना?"

"तेव्हा... कॉम्प्युटर दोघांपैकी मनात येईल त्याला विचारतो."

"म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं! धन्य आहात, भाऊजी."

"काढून टाकतो ना, टेन्शन काहून घेता?"

"थांबा," गोपिका म्हणाली. या घरात ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलली. "त्याले अमरावतीच दिसून राहिलं ना? दिसू द्या. ताई, त्या गोंदियाच्या वकीलबाई तुमच्या मैत्रीण ना, त्याह्यले तुमच्या मोबाइलवरून फोन लावा. मी रेल्वेनं जातो. अन् भाऊ, तुमी अमरावतीचं पान उघडत राहा."

"पण मला दहाला मीटिंग..."

"बसा!" अरुंधती म्हणाली.

स्वतःचा फोन ओट्यावर ठेवून गोपिका गेली. दुपारी गोंदियाहून वकीलबाईंचा निरोप आला, पोहोचली. लगेच ओट्यावरचा फोन वाजला. अरुंधतीने उचलला, तर पलीकडे कंडक्टर अमरावती-अमरावती ओरडत होता.

"कुठं हाय ती?" पिंटूचा आवाज चिरकला होता.

"तुम्हीच तर पाहून राहिले होते," अरुंधती म्हणाली आणि फोन बंद केला.

आतल्या खोलीत मोहित उपाशीपोटी अजून अमरावती उघडत होता. त्याला उठा म्हणायला ती विसरली नव्हती, मुद्दामच म्हणाली नव्हती.