पावाकडे ढुंकूनही न पाहणारा

शेवटी बाबा कुत्र्याला हो म्हणाले, आणि भिंगरी जिन्यावरून ओरडत थेट खाली भट्टीपर्यंत गेली. आईने हातातला ट्रे वेळीच वर उचलला म्हणून बरं, नाहीतर सकाळचे सगळे बन तिच्याच अंगावर आले असते. या मुलीचं नाव भिंगरी काही उगाच पडलं नव्हतं. तिला चालताना कुणी पाहिलंच नव्हतं. जायचं ते पळत. अख्खी गल्ली तिला एकच शब्द ऐकवायची, "हळू!"

पण बाबा पडले बेकरीवाले. खाली दुकान, वर घर.

"माझ्या पावाला तोंड लावणारा कुत्रा मला चालणार नाही," ते म्हणाले. "एकदा जरी लावलं, तरी त्याच दिवशी परत पोचवीन. आणि मग या घरात कुत्र्याचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल!" भिंगरी म्हणाली. तिने तर कशालाही कबूल म्हटलं असतं. तिला मांडीवर बसणारा कुत्रा नको होता, पळणारा हवा होता; हाउंड, म्हणजे शिकारी जातीचाच हवा होता. त्यातही लांब कानांचा बीगल तिने मनात केव्हाच घरी आणून ठेवला होता.

गावाबाहेर प्राण्यांच्या एक डॉक्टरीणबाई कुणालाच नको झालेले हाउंड सांभाळायच्या. सकाळची भट्टी उरकली आणि तिघंही तशीच निघाली. वाटेत बाबांनी निवडीची रीत ठरवून टाकली. "पिठाच्या गोळ्याला आपण घाई करतो का? तो आपण होऊन फुगतो. तसंच इथेही. आपण नुसतं उभं राहायचं. जो आपण होऊन येईल, तो आपला."

फाटक उघडलं मात्र, सगळं अंगणच त्यांच्यावर चालून आलं! बीगल आले, जमिनीला कान पुसत बॅसेट आले, आणि एक जाडा तर बाबांच्या पायांमध्ये अडकूनच बसला. भिंगरी खाली बसली, तर एका छोट्या बीगलने तिच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि तिची बाही चाटायला घेतली. भिंगरीला आकाश ठेंगणं झालं.

"बाबा, हाच! आपण होऊन आला!"

बाबाही हुरळून गेले होते. "कुत्री माणसं ओळखतात हो," ते छाती फुगवून म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना मात्र हसू आवरेना. "अहो, माणसं कसली ओळखतात! तुम्हाला वास येत नाही का? तिघंही लोण्यात घोळून आल्यासारखे आहात. आणि ही सगळी नाकाच्या मागे जाणारी जात."

बाबांनी स्वतःची बाही हुंगली. त्यांना काही कळलं नाही. आईने पदर हुंगला, तिलाही नाही. जन्मभर ज्या वासात वावरलं, तो येणार तरी कसा? खात्री करायला बाबांनी खिशातून बनचा तुकडा काढला. तो खाली पडायच्या आत छोट्या बीगलने गिळला आणि बाबांच्या खिशात नाक खुपसलं.

"संपलं," बाबा म्हणाले. त्यांना आनंद झाला नव्हता, पण शब्द म्हणजे शब्द. "हा घरी आणायचा आणि दुसऱ्या दिवशी परत पोचवायचा? तुझे हाल, त्याचेही हाल. चला."

भिंगरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून तिने तोंड फिरवलं आणि अंगणाच्या टोकाकडे धूम ठोकली.

भिंतीशी जुन्या गादीवर एक करडा ग्रेहाउंड पडून होता. बनसाठी एवढा गोंधळ झाला, पण या महाशयांनी मानसुद्धा वळवली नव्हती. भिंगरी समोरून पळाली आणि त्याचे कान ताठ झाले. तो उठला आणि बघता बघता तिच्या पुढे निघून गेला. मग वळला आणि तिच्यासाठी थांबला.

भिंगरी रडायचं विसरली. ती डावीकडे पळाली, तोही पळाला. उजवीकडे वळली, तोही वळला. आजवर तिच्याबरोबर कुणी पळालंच नव्हतं, आणि तिला इतका आनंद झाला की हसावं की ओरडावं तेच कळेना.

"हा डोळ्यांनी चालणारा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पळतं काही दिसलं की संपलं!"

बाबांनी दुसरा तुकडा त्याच्या वाटेत टाकला. ग्रेहाउंड त्यावरून उडी मारून गेला.

"पळ, भिंगरे, पळ!" बाबा ओरडले. हळू म्हणायचं त्यांना सुचलंच नाही.

त्याचं नाव पडलं करड्या, आणि तो घरी आला. भट्टीसमोरून रुबाबात जायचा, पावाकडे ढुंकूनही पाहायचा नाही. पहिले काही दिवस बाबा निर्धास्त होते. मग मात्र ते त्यांच्या मनाला लागू लागलं.

एका दुपारी आईने पाहिलं, तर बाबा फरशीवर उकिडवे बसून करड्याच्या नाकाशी गरम बन धरत होते. "अरे, वास तरी घे! ताजं लोणी आहे!"

"तोंड लावलं तर परत पोचवणार होतात ना?" आईने विचारलं.

"कोण पोचवतंय? हा कुठेही जात नाही आता," बाबा गुरकावले. "पण एक घास तरी खावा की नाही माणसाने?"

तेवढ्यात करड्याचे कान ताठ झाले. बाबांचा चेहरा उजळला. पण करड्या त्यांच्या खांद्यावरून दुकानाच्या काचेकडे बघत होता. शाळा सुटली होती, आणि गल्लीच्या टोकाला भिंगरी पळत येत होती.

बाबा उठले आणि त्यांनी दार उघडून दिलं.