तोच नंबर

सासऱ्यांचा अँप्लिफायर गेला मंगळवारी सकाळी, आणि घरातली शांतता गेली त्याच दिवशी दुपारी.

तोवर सगळ्यांचा समज असा, की दोघांनी मिळून उचलायचा हा धोंडा बंद पडला तर कानांना जरा विसावा मिळेल. रोज दाढी करताना सासऱ्यांना रेकॉर्ड लागायची, आणि नळ सोडला तरी ऐकू आली पाहिजे अशा आवाजात लागायची. सासूबाईंनी तर सुनेला बाजूला घेऊन हळूच सांगितलंही होतं, "दुरुस्तीची घाई नको करूस. वेळ लागेल म्हणावं." पण हाताला चाळा नाही म्हटल्यावर सासऱ्यांनी दुपारी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. मीठ सापडेना, साखर सापडेना. संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"ते खोकं आधी सुरू कर बाई," त्या म्हणाल्या. "चहा मग पी."

सून वेल्डिंग मशिनं दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होती. जळके बोर्ड तिला नवे नव्हते. तिनं वरचं झाकण काढलं, मीटर लावला, आणि पाच मिनिटांत दुखणं सापडलं. स्पीकर हलवायची सगळी अंगमेहनत करतात ते पॉवर ट्रान्झिस्टर, चपट्या धातूच्या डबीसारखे, डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन. उजवीकडची जोडी शॉर्ट झाली होती. तिनं त्यावरचा नंबर फोनवर शोधला आणि सुस्कारा सोडला.

"बाबा, हे आता बनतच नाहीत. बंद होऊन बरीच वर्षं झाली. दुसरे शोधावे लागतील."

"दुसरे म्हणजे?"

"दुसऱ्या नंबरचे. यांचं काम करतील असे."

सासरे चष्मा पुसायला लागले. त्यांची उभी हयात कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली होती. खिडकीपलीकडून कुणी कितीही गयावया केली, तरी चिठ्ठीवरचा नंबर आणि मालावरचा नंबर जुळल्याशिवाय त्यांनी साधा वॉशरसुद्धा कधी हातावर ठेवला नव्हता. त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला.

"नंबर तोच पाहिजे," ते म्हणाले. "नंबर तो नाही तर माल तो नाही."

"माल बनतच नाही बाबा."

"बनत नसेल. कुठंतरी पडलेला असेलच की."

आणि तो खरोखरच सापडला. शुक्रवारी सासरे बाजारातून आले ते जावई पसंत करून आल्यासारखे. खिशातून कागदाची पुडी काढली. आत दोन ट्रान्झिस्टर, तोच नंबर, लख्ख कोरा.

सुनेनं एक उचलून पाहिला. हाताला हलका लागला. वीस वर्षं कुठल्याशा फळीवर पडून राहिलेल्या मालावरची अक्षरं इतकी पांढरीशुभ्र कशी? तिनं नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापूस बुडवून नंबरावरून फिरवला. शेवटचे दोन आकडे कापसावर आले.

"नकली आहेत."

"तू पुसलेस म्हणून गेले," सासरे म्हणाले. "पुसलं तर काहीही जातं."

ती अर्धा तास समजावत राहिली. नवरा मध्येच एकदा खोलीत डोकावला, दोघांची तोंडं पाहिली आणि चार्जर शोधत असल्यासारखं करून परत गेला. शेवटी तिनं हात टेकले. लावते म्हणाली, पण आवाज वाढवायचा नाही. तिनं ते बसवले, बिघाड असलाच तर आधी बल्ब पेटावा या सावधगिरीनं वाटेत एक बल्ब जोडून वीज दिली, आणि गाणं लागलं. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला झोंबली.

बल्ब काढून ती हात धुवायला गेली तेवढ्यात त्यांनी आवाज वाढवला. आधी खरखर, मग फट्‌ असा आवाज, मग जळका वास. सासूबाई ओला टॉवेल घेऊन धावल्या आणि सुनेनं तो वरच्या वर धरला, कारण ओल्या टॉवेलानं उरलंसुरलंही गेलं असतं.

नंतर तिनं नकली ट्रान्झिस्टर पक्कडीत धरून करवतीनं त्याचं टोपण कापलं. जुना मेलेला होता, त्याचंही कापलं. दोन्ही त्यांच्यापुढं ठेवले. जुन्याच्या पोटात करंगळीच्या अर्ध्या नखाएवढी चकचकीत चीप होती. नकलीच्या पोटात तिळाएवढी.

"याच्या जिवावर तुम्ही स्पीकर हलवत होता," ती म्हणाली.

सासरे बराच वेळ वाकून पाहत राहिले. "नंबर तर बरोबर होता," एवढंच म्हणाले, आणि उठून गेले.

आता खरं काम सुरू झालं. रविवारी तिनं जुन्या ट्रान्झिस्टरच्या माहितीचा कागद छापून टेबलावर ठेवला आणि लॅपटॉपवर आज बाजारात मिळणारे काढून बसली. सासरे शेजारी खुर्ची ओढून बसलेच.

"हा घे. याच्यात अँपिअर दुप्पट आहेत."

"आहेत, पण त्याला चालवायला मागून जोर जास्त लागतो. मागचे छोटे ट्रान्झिस्टर दमून जातील."

"मग हा. हा सगळ्यात नवीन दिसतो."

"हा फार चपळ आहे. या जुन्या सर्किटमध्ये तो नुसता थरथरत बसेल, आपल्याला ऐकूही येणार नाही, आणि तापून मरेल."

"मग हा तरी?"

"याची भोकं जुळत नाहीत बाबा. पत्र्याला नवी पाडावी लागतील."

"मग तू आधी भोकं का नाही बघत? मी असतो तर आधी भोकं बघितली असती."

तिनं डोळे मिटून घेतले. व्होल्ट पुरायला हवे होते, व्होल्ट आणि अँपिअर एकदम अंगावर आले तरी नवा ट्रान्झिस्टर टिकायला हवा होता, आणि वर अंगानं तसाच, धातूचा. सासूबाई भाजी निवडता निवडता ऐकत होत्या. "आमच्या मुलाच्या लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली नव्हती हो," त्या म्हणाल्या. सून हसली, सासरे हसले नाहीत.

दुपार कलता कलता एक जोडी सापडली. ताकद जुन्यापेक्षा थोडी जास्त, वेग थोडाच जास्त, मागून लागणारा जोर जवळजवळ तेवढाच, भोकं तीच. नात्यातल्या माणसासारखी वाटली तिला ती. तिनं खात्रीच्या विक्रेत्याकडे चार मागवले.

"चार कशाला? गेले तर दोनच."

"डावीकडचेही बदलायचे. नाहीतर दोन्ही बाजूंचा आवाज एकसारखा येईल याची खात्री नाही. आणि ते दोन जुने राखून ठेवता येतील."

"चांगले चालू असलेले काढायचे? अगं, हा कुठला न्याय?"

आठवडाभर हाच वाद. जेवताना, दार उघडताना, एकदा तर ती दात घासत असताना. पार्सल आलं त्या संध्याकाळी तिनं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, तर सासरे डाव्या बाजूवर पंजा ठेवून उभे.

"याला हात नाही लावायचा."

"मग तुम्हीच करा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण सासूबाईंच्या हातातला झारा थांबला. "दिवसभर लोकांची मशिनं करते, घरी येऊन हे करते, आणि प्रत्येक स्क्रूला वाद. मला नाही जमत." तिनं हत्यारं पेटीत टाकली, पेटी टेबलावर आपटली आणि खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी घरी आली तर टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. त्यावर डावीकडचे दोन्ही ट्रान्झिस्टर, स्क्रू, नट, सगळं ओळीनं मांडलेलं. सासऱ्यांच्या अंगठ्याला पट्टी होती.

"काढले," ते म्हणाले. "तू म्हणत होतीस तसे. आणि खाली पांढरा चिकटा केवढा साचला होता, तोही घासून साफ केला."

तो चिकटा म्हणजे उष्णता पत्र्यात उतरावी म्हणून मुद्दाम लावलेली पेस्ट होती. तिच्याबरोबर मधली, वीज अडवणारी अभ्रकाची पातळ चकतीही फाटून निघाली होती. आणि सोल्डर ओढताना बोर्डावरची तांब्याची पट्टी बोटभर उखडली होती. ती खुर्चीत बसली. तिला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे पाहून ओरडता येईना, याचाही राग आला.

"फार बिघडवलं का गं?" सासऱ्यांनी विचारलं. तिनं त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

"बिघडवलंय," ती म्हणाली. "होईल नीट. टॉर्च धरा. पण बोलायचं नाही."

त्यांनी टॉर्च धरला. तिनं उखडलेल्या पट्टीच्या जागी तार जोडली, वर्कशॉपमधून आधीच आणून ठेवलेल्या चकत्या बसवल्या, पेस्ट लावली, चारही नवे आवळले. सासऱ्यांना दोनदा बोलायचं होतं. दोन्ही वेळा त्यांनी खोकून वेळ मारून नेली.

मग पुन्हा वाटेत बल्ब जोडून तिनं वीज दिली. तो क्षणभर चमकून मंदावला, म्हणजे जोडणी ठीक होती. दोन्ही बाजू व्यवस्थित मोजून झाल्यावर तिनं स्पीकर जोडले आणि गाणं लावलं. सासरे भिंतीला टेकून ऐकत राहिले. एक बाजू संपली, त्यांनी रेकॉर्ड उलटली.

"बदललाय आवाज," ते म्हणाले.

तिनं हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"खालचा सूर जरा भरीव झालाय. सवय होईल," ते म्हणाले आणि दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकली.

त्यांना सवय झाली. महिन्याभरात त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला, त्याचाही काहीतरी जुना डबा जळाला होता. सून ओट्याशी भांडी पुसत होती, नवरा शेजारी ताटं लावत होता. बाहेरून सासऱ्यांचा आवाज स्पष्ट येत होता.

"छे छे, नंबरावर जाऊ नकोस. नंबराला काय करायचंय? आत चीप केवढी आहे ते बघावं लागतं. आम्ही चारही बदलले. अरे, दोनच बदलून कसं चालेल, डावं-उजवं जुळायला नको? आणि ती पांढरी पेस्ट चुकूनही पुसू नकोस."

तिनं फडकं थांबवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंस?"

"मी काहीच ऐकलं नाही," नवरा म्हणाला आणि ताटं घेऊन घाईनं बाहेर गेला.