मेव्हिसचं पितळ

"पाच जिंकले, सात हरले," कॉन्रॅड म्हणाला. "आणि यांच्या नावाखाली मी चॅम्पियन कोरू?"

हातातला कागद त्याने स्वानंदच्या टेबलावर टाकला. स्वानंद हा कॅनडातल्या वॉन गावच्या त्या ट्रॉफीच्या कारखान्याचा मॅनेजर, वयाने कॉन्रॅडच्या मुलीएवढा. त्याने फोनवरून नजरही उचलली नाही.

"जिंकले तर चॅम्पियन, अंकल. हरले तर प्लेट कट करायची. दरवर्षीचंच आहे."

"जिंकले तरी सहा आणि सात. आमच्या वसईतली गल्लीतली पोरंसुद्धा असला कप घ्यायला लाजली असती."

"ते तुम्ही अमेरिकेला सांगा. मला चार वाजता कुरिअरला पार्सल द्यायचंय."

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा हंगाम संपला की डिसेंबरात त्यांचे 'बोल' सुरू होतात. बोल म्हणजे बक्षिसाचा एकेक सामना, आणि असे सामने चाळीसच्या वर. प्रत्येकाला एक गाव, एक कंपनी आणि एक ट्रॉफी. ट्रॉफीच्या पाट्या सामन्याआधीच दोन्ही संघांच्या नावाने कोरून ठेवतात, हरलेल्याची नंतर कापून टाकतात. इतक्या सामन्यांना इतके चांगले संघ आणणार कुठून? मग निम्मे सामने हरलेले चालतात, आणि तेही पुरले नाहीत की त्यांच्या खालचे. यंदा घराच्या पन्हळी साफ करणाऱ्या एका कंपनीच्या बोलला एका कॉलेजने चक्क नकार कळवला. दुसऱ्याला विचारलं, त्यांनीही हात वर केले. तिसरं तयार झालं, ते हे सात वेळा हरलेलं.

चर्चमध्ये फादर सांगतात त्या बायबलातल्या गोष्टीत राजा लग्नाच्या जेवणाला रस्त्यावरची माणसं बोलावतो. पण त्या राजाने निदान प्रत्येकाला नवरदेव म्हणून मिरवलं नव्हतं. इथे कॅनडात कॉलेजांची फायनल एकच, नोव्हेंबरात. कोण जिंकलं ते संध्याकाळी सगळ्यांना कळतं आणि लोक घरी जातात. कॉन्रॅडला त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं.

"पोरांना अजून एक मॅच खेळायला मिळते," स्वानंद म्हणाला. "टीव्हीवर दिसतात, आईबाप खूष होतात. तुमचं काय जातं त्यात?"

"माझा शनिवार जातो."

स्वानंदने पहिल्यांदा मान वर केली.

"आजचा दिवस तू मला देणार होतास," कॉन्रॅड म्हणाला. "मेव्हिसला जाऊन उद्या वर्ष होतं, चर्चमध्ये तिचा मिस्सा आहे. मिस्सा झाला की फादर सिमेट्रीत येऊन तिच्या कबरीवरच्या लाकडी क्रूसाला आशीर्वाद देणार. आणि त्या क्रूसावर अजून नाव नाही."

"आठवतंय मला. लेझरवर टाकू ना आंटींची प्लेट. दोन मिनिटांचं काम आहे."

"लेझरवर टाकायची असती तर वर्षभर थांबलो असतो का?"

स्वानंदने तो कागद परत त्याच्याकडे सरकवला. त्या पन्हळीवाल्यांना पाटी हाताने कोरलेलीच हवी होती, आणि हाताने कोरणारा त्या छपराखाली एकच माणूस उरला होता.

कॉन्रॅड वसईच्या बाजारात भांड्यांवर नावं घालायचा. लग्नसराईत पातेली, कळशा, डबे यांची रांग लागायची. अमक्याकडून तमक्याला सप्रेम भेट. कॅनडात आल्यावर भांडी गेली आणि कप आले, हात तोच राहिला. त्याची बायको मेव्हिस बावीस वर्षं मार्कहॅममधल्या एका नर्सिंग होमच्या लॉन्ड्रीत चादरी धूत होती. तिला कुणी कप दिला नाही, साधं प्रमाणपत्रही नाही. ती हसून टोमणा मारायची, "अख्ख्या दुनियेची नावं घातलीस रे. माझं कधी घालशील?" तो म्हणायचा, "तू आधी कुठेतरी जिंकून ये."

हे वाक्य त्याला वर्षभर खात होतं.

टेबलाशी बसून त्याने स्वानंदने काढून ठेवलेली पाटी शिकंज्यात घट्ट बसवली. पितळ चांगलं होतं, जाड आणि जड. असल्या सामन्याला असलं पितळ कशाला, असा विचार मनात आला. त्याने छिन्नी टेकवली. कॉलेजचं नाव, खाली साल, त्याच्या खाली चॅम्पियन्स. संताप डोक्यात होता, हातात त्याने तो उतरू दिला नाही. अक्षरं सरळ आली. वाकडी काढणं त्याला जमलंच नसतं.

चारला दहा मिनिटं असताना त्याने पाटी स्वानंदच्या हातात दिली आणि स्वतःचा खण उघडला. जुन्या वर्तमानपत्राची गुंडाळी तिथेच होती. आत काही नव्हतं.

"इथे माझं पितळ होतं."

स्वानंदने ओठांवरून जीभ फिरवली. "स्टॉक संपला होता, अंकल. साइझ सेम होती. मी मंडेला रिप्लेस करणारच होतो."

कॉन्रॅडला समजायला थोडा वेळ लागला. जून महिन्यात निवडून आणलेलं, दोनदा पॉलिश केलेलं मेव्हिसचं पितळ. त्याच्यावर त्याने स्वतःच्या हाताने त्या सात वेळा हरलेल्यांना चॅम्पियन करून ठेवलं होतं.

"मला विचारायचं तरी."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो."

तेवढ्यात कुरिअरवाला आला आणि पाटी घेऊन गेला. शेवटचा तुकडाही बोलनेच गिळला होता, दुसरं पितळ कारखान्यात नव्हतं. कापायच्या यंत्राशेजारी ट्रेमध्ये रद्द झालेल्या पाट्या पडल्या होत्या. सगळ्यात वर नकार देणाऱ्या त्या पहिल्या कॉलेजची होती. तीही गेल्याच आठवड्यात कॉन्रॅडने कोरलेली. त्याने ती उचलली, उलटी केली आणि शिकंज्यात बसवली.

"अंकल, ती बाहेर नेता येणार नाही. काँट्रॅक्टमध्ये आहे. ती कट करायची असते, नाहीतर लोक ऑनलाइन विकतात."

"पोलिसांना बोलव."

"मला चारला अलार्म लावायचाय."

"मग लाव. मी आत बसतो."

स्वानंद दारापाशी गेला. हातात किल्ल्या घेऊन थोडा वेळ उभा राहिला, मग परत येऊन खुर्चीत बसला आणि फोन बघू लागला. साडेपाचला मेव्हिसचं नाव कोरून होईपर्यंत तो तिथेच बसून राहिला. कॉन्रॅडने त्याला थँक्यू म्हटलं नाही.

रविवारी दुपारी सिमेट्रीत तापमान वजा चौदा होतं. थंडीमुळे फादर पाटी बसण्याआधीच घाईने क्रूसाला आणि पाटीला आशीर्वाद देऊन गेले होते. मुलगी ॲलिसन ओटावाहून आली होती. कॉन्रॅड खिशातून स्क्रू काढत असताना तिने पाटी धरली आणि उलटून पाहिली.

"डॅड, देअर्स अ फुटबॉल टीम ऑन द बॅक."

"माहीत आहे."

"इट सेज चॅम्पियन्स. डिड दे विन?"

"खेळलेच नाहीत. नको म्हणाले. तेवढी अक्कल होती त्यांना." त्याने हात पुढे केला. "आण इकडे. ती बाजू लाकडाकडे जाईल."

त्याने चारी स्क्रू हातानेच पिळले. मग पाटीवरचा बर्फाचा भुगा पुसायला ओला लोकरी हातमोजा नावावर टेकवला. तो गोठलेल्या पितळाला चिकटला. कॉन्रॅडने हात सावकाश सोडवला, तरी पहिल्या अक्षराच्या खोबणीत राखाडी लोकरीचे दोनतीन धागे अडकून राहिले. ॲलिसन ते काढायला वाकली.

"राहू दे," तो म्हणाला.