पुढचा बाक

"अगं ए, माझा हिजाब सोड! फास बसेल मला!"

"तू आधी फाटकावरून खाली उतर!"

मी शाळेच्या फाटकाच्या आडव्या गजावर चढले होते आणि खालून उम्म रोदैनाने, म्हणजे रोदैनाच्या आईने, माझ्या हिजाबाचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. अजून नीट उजाडलंही नव्हतं. फज्रची नमाज आटोपून पुरुष माणसं घरी निघाली होती. ती लांबूनच बघत होती आणि मान खाली घालून हसत होती. हसेनात का! त्यांना काय, वर्गात बाक धरायला घरची बाईच लागते.

आमच्या या गिरण्यांच्या महल्ला शहरात सरकारी शाळेचा पहिला दिवस हा असाच असतो. एकेका वर्गात पोरं मावत नाहीत इतकी, आणि जो बाक पहिल्या दिवशी धरला तो वर्षभराचा. मागे बसलेल्या पोराला फळा दिसत नाही, मिसला तो दिसत नाही, आणि वर्षाअखेर जूनमध्ये परीक्षेच्या वेळी आईला कळतं की पोरगं वर्षभर नुसतं पुढच्याच्या मानेकडे बघत होतं. म्हणून आम्ही बायका पहाटे येतो. कुणाची चप्पल हरवते, कुणाच्या बांगड्या फुटतात. आणि त्याच दिवशी दुपारी त्याच बायका एकमेकींच्या दारात लिंबं मागायला उभ्या राहतात.

"बदवीकाका, उघडा हो!" मी वरूनच ओरडले. "बायका मरतील इथे!"

"मरा," आतून शिपाई बदवीकाका म्हणाले. "चहा झाल्याशिवाय मी कुणासाठी उठत नसतो."

पण उघडलं त्यांनी. मी उडी मारली. हिजाब उम्म रोदैनाच्या हातात निम्मा राहिला, निम्मा माझ्या खांद्यावर आला. जिन्यावर उम्म हसनच्या पायावर पाय दिला, तिची शिवी खाल्ली, आणि तिसरीच्या वर्गात शिरून मिसच्या टेबलासमोरच्या बाकावर धपकन बसले. गुडघे मावेनात. दप्तर बाकावर ठेवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि दाराकडे बघत राहिले. उम्म रोदैना धापा टाकत आली, तिला तिसरा बाक मिळाला.

"डोळे फुटलेत का तुझ्या पोरीचे?" ती म्हणाली. "माझ्या रोदैनाला चष्मा आहे, चष्मा! तुझीला काय धाड भरलीय?"

मी दप्तर आणखी घट्ट धरलं. तेच तर मला कुणालाच सांगायचं नव्हतं.

माझ्या बसमलाला डाव्या कानाने ऐकूच येत नाही, उजव्याने अर्धं-मुर्धं. लहानपणीच्या तापाने गेला तो कान. पण गल्लीत कुणाला पत्ता नाही, कारण ती ओठ वाचते. मीच शिकवलं. मी कापडगिरणीत साचेखात्यात आहे, साचा म्हणजे माग. तिथे शेकडो साचे एकदम खडाडतात, शेजारचीने कानात बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही बायका नुसत्या ओठांनी बोलतो. दोन रांगा पलीकडच्या बाईला तिच्या सुनेची चहाडी ओठांनीच सांगतो, आणि तिला ती बरोबर कळते. पोरीचा कान गेला तेव्हा मी रडत बसले नाही. म्हटलं, माझ्याकडे आहे तेवढं देऊन टाकू. घरी ती नुसती चिवचिवते. बापाची नक्कल करते, माझी करते, कोंबडीवाल्याची करते.

शाळेत मात्र एक शब्द नाही. सगळा जीव मिसच्या ओठांवर. शेजारणीशी बोलायला वळली तर मिसचं वाक्य हातचं जातं. दोन वर्षं झाली, वर्गात एक मैत्रीण नाही तिला.

आणि मी शाळेला सांगत का नव्हते? आमच्या गल्लीतल्या एका पोरीला लांबच्या तांटा शहरातल्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत घातलं होतं. शाळा काही वाईट नव्हती. पण ती आठवडाभर तिथेच राहायची, शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी घरी यायची आणि हातांनी बोलायची, आणि तिच्या आईला त्यातलं काही कळायचं नाही. मायलेकी समोरासमोर बसायच्या, पाहुण्यांसारख्या. मी ते पाहिलं होतं. माझी पोर मला घरातच हवी होती, माझ्या डोळ्यांसमोर चिवचिवणारी.

पहिली दोन वर्षं मिस तहानी होत्या. त्यांचा आवाज भाजीबाजारापर्यंत जायचा. त्या निवृत्त झाल्या, आणि आता तिसरीला या नव्या मिस अफाफ.

घंटा झाली. पोरं आली, बसमला येऊन बाकावर बसली. मी भिंतीला टेकून उभी होते, जिंकल्याच्या आनंदात. मिस अफाफ आत आल्या. काळा झगा, हातात खडूचा डबा, आणि नाकापासून हनुवटीपर्यंत पांढरा मास्क.

मला वाटलं, आता काढतील. त्यांनी काढला नाही. फळ्याकडे पाठ करून काहीतरी बोलल्या. मुलं "हो मिस" म्हणाली. बसमलाने माझ्याकडे वळून बघितलं.

वल्लाह, तो बाक उचलून फाटकाबाहेर फेकावासा वाटला मला.

"खडूच्या धुळीने छाती भरते त्यांची," बदवीकाकांनी सांगितलं. "आधीच्या शाळेतही तसंच. चांगल्या आहेत पण. मारत नाहीत."

मारलं असतं तरी चाललं असतं, तोंड दिसायला हवं होतं.

बसमला घरी आली ती दप्तर टाकून भिंतीकडे तोंड करून निजली. जेवली नाही. मी तिला माझ्याकडे वळवलं.

"काय झालं राणी?"

"मिसला तोंडच नाहीये, मम्मा."

दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखलं. तिसऱ्या दिवशी शुद्धलेखनात तिने शेजारणीचं बघून लिहिलं आणि उभं राहण्याची शिक्षा झाली. का उभं केलं तेही तिला कळलं नव्हतं. पोरं हसली एवढं दिसलं तिला.

"सांगून टाक," शाबान म्हणाला. हा माझा नवरा, टुकटुक रिक्षा चालवतो. तो पायरीवर बसून टुकटुकची सीट पुसत होता.

"आणि तांट्याला पाठवलं तर?"

"मग मी रोज टुकटुक घेऊन तांट्याला जाईन."

"तुझी टुकटुक बाजाराच्या चढावर दम टाकते."

"म्हणून तर म्हणतो, सांग." मग हातातलं फडकं खाली ठेवून तो हळू म्हणाला, "अतियात, ती पोर चार दिवसांत हसली नाहीये. माझी नक्कलसुद्धा केली नाही."

त्याच्यावर मला राग आला, कारण तो खरं बोलत होता.

त्या आठवड्यात माझी दुपारची पाळी होती. सकाळी मधल्या सुट्टीत शाळेत गेले. मिस अफाफ व्हरांड्याच्या टोकाला एकट्याच उभ्या होत्या. मास्क हनुवटीखाली, हातात चहाचा पेला. त्यांचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लहानसं होतं, आणि बारीक खोकला येत होता.

"खासगी शिकवणीसाठी आला असाल तर मी घेत नाही," त्या आधीच म्हणाल्या.

"मिस, माझ्या मुलीला ऐकू येत नाही."

हे वाक्य मी कधी आवाजात बोलले नव्हते. साचेखात्यात ओठांनीसुद्धा नाही. बोलले आणि कठडा धरला.

मिसनी पेला कठड्यावर ठेवला. "बसमला ना? कोणत्या कानाने?"

"डाव्याने काहीच नाही. उजव्याने थोडं. ती ओठ बघून समजते, मिस. हुशार आहे. तुम्ही तेवढं तोंड... म्हणजे, तुमची छाती, मला माहीत आहे, पण..."

"या अल्लाह!" त्या म्हणाल्या. "आणि मी तिला उभं केलं." त्यांनी मैदानातल्या पोरांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मला वाटलं, घाबरट आहे. मागे कुणी हसलं की दचकून वळून बघते. मग तिला पुढच्या बाकावर कशाला बसवलंत?"

"कशाला म्हणजे? फाटकावर चढले मी त्या बाकासाठी!"

"ते कळलं. बदवीकाकांनी नक्कल करून दाखवली." त्या हसल्या. "पण तिथून तिला माझी हनुवटी दिसणार. आणि सगळा वर्ग पाठीमागे. कोण काय म्हणालं, कशाला हसले, तिला कसं कळायचं? तिला डाव्या भिंतीच्या खिडकीशी बसवू, मधल्या बाकावर. उजवा कान वर्गाकडे राहील. मी खिडकीकडे तोंड करून बोलेन, उजेड माझ्या तोंडावर पडेल. आणि तिला पोरंही दिसतील."

"आणि मास्क?"

"फळा ओल्या फडक्याने पुसायचा, म्हणजे धूळ उडणार नाही. उरलेला खोकला मी बघून घेईन."

"फडकी मी आणते," मी म्हटलं. "गिरणीत चिंध्यांचे ढीग पडलेले असतात. मऊ सुताच्या." मग जे विचारायला आले होते ते विचारलं. "मिस, तांट्याला पाठवाल का तिला?"

"तांट्याला कशाला? शिकतेय की ती इथे." त्यांनी चहा संपवला. "कानाच्या यंत्रासाठी मात्र शाळेकडून डॉक्टरांना कळवायला हवं. ते मी करते. हे सगळं दोन वर्षांपूर्वीच सांगायचं होतंत, उम्म बसमला."

मी जिन्याखाली जाऊन मोठ्याने रडले. बदवीकाकांनी माझ्या हातात त्यांच्या चहाचा पेला दिला आणि तोंड दुसरीकडे वळवून उभे राहिले. तो माणूस कुणाला चहा देत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाक बदलले. पुढचा बाक चष्मेवाल्या रोदैनाला मिळाला. रात्री पाळी सुटल्यावर तिची आई माझ्या दारात हजर. फाटकाच्या भांडणापासून आम्ही बोलत नव्हतो, आणि आमचे साचे गिरणीत समोरासमोर आहेत, म्हणजे दिवसभर एकमेकींची तोंडं बघून न बोलण्याचे कष्ट.

"खरं सांग," ती म्हणाली. "बाक सोडलास तो का? त्या बाकावरचं छप्पर गळतंय का?"

मी तिला सगळं सांगितलं. ती दारातच बसली.

"म्हणजे मी तुझा हिजाब धरला तेव्हा..." ती म्हणाली.

"तेव्हा तू मला गळफास लावत होतीस."

"मेले मी! अगं, मला सांगितलं असतंस तर त्या उम्म हसनला मीच जिन्यावर आडवी पाडली असती!"

मग तिने मला लिंबं हवीत का विचारलं, आणि नको म्हटलं तरी आणून दिली.

महिना गेला असेल. एका दुपारी पाळीला निघाले होते आणि फाटकातून मिस अफाफनी हाक मारली. तोंड गंभीर. वाटलं, झालं. वरून कुणीतरी आलं, काहीतरी ठरलं, तांटा.

"उम्म बसमला, तुमच्या मुलीची तक्रार आहे."

"काय केलं तिने?"

"बडबड! सारखी बडबड. आज दोनदा उभी केली. शेजारच्या मुलीशी बोलते, मागच्या मुलीशी बोलते, मी फळ्याकडे वळले की माझ्या खोकल्याची नक्कल करते आणि सगळा वर्ग हसवते. घरी जरा समज द्या तिला."

मी फाटकाच्या जवळ सरकले.

"कुणाशी बोलते म्हणालात?"

"सगळ्यांशी!"

"ओरडा तिला, मिस," मी म्हटलं. "खूप ओरडा. रोज उभी करा." आणि मी त्यांचे दोन्ही हात धरून हातांचे मुके घेतले. त्या हात सोडवून घ्यायला लागल्या आणि खोकता खोकता हसायला लागल्या.

पाळीला उशीर झालाच. मुकादमाने घड्याळाकडे बोट केलं. मी साचा सुरू केला. धोटा पळायला लागला, चारी बाजूंनी तो रोजचा खडखडाट अंगावर आला. समोरून उम्म रोदैना माझ्याकडे बघत होती. तिने ओठांनी विचारलं, "रडतेस का गं? काय झालं?"

"शिक्षा झाली," मी ओठांनी म्हटलं.

"कुणाला?"

"बसमलाला. वर्गात फार बोलते म्हणून."

तिने पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. मग तिने वळून शेजारच्या बाईला सांगितलं, त्या बाईने पलीकडच्या रांगेत. मी बघत होते. ओठ हलत हलत पार भिंतीपर्यंत गेले, आणि तिथली बाई हात वर करून माझ्याकडे बघून हसली.

उम्म रोदैनाने तोंडावर आडवा हात धरला, मान मागे टाकली आणि लग्नात नवरी घरात येताना बायका काढतात तशी लांबलचक किलकारी काढली. साच्यांच्या खडखडाटात तिचा आवाज कुणालाच आला नाही. हाताखाली तिची जीभ भराभर हलताना मात्र आम्हा सगळ्यांना दिसली. माझ्या साच्यावर एक धागा तुटला होता. मी वाकून तो बांधायला घेतला.